स्वस्तातले सबवूफरवाले स्पीकर घेताना आधी बोलणं ऐका, बेस नंतर

कॉम्प्युटरसाठी सबवूफरवाले स्पीकर दाखवा म्हटलं की बहुतेक दुकानांत एकच गोष्ट होते. दुकानदार एखादं दणदणीत गाणं लावतो, बेसचा नॉब शेवटपर्यंत फिरवतो, काउंटरची काच थरथरते आणि सौदा होतो. घरी आणल्यावर मात्र त्याच सेटवर बातम्या लावल्या की निवेदकाचा आवाज घुमतो, ऑनलाइन तासाला सरांचे शब्द नीट उमटत नाहीत, आणि जुनं भावगीत लावलं तर गायकापेक्षा टेबलाखालचा खोकाच जास्त ऐकू येतो. मग लोक म्हणतात, स्वस्तात एवढंच मिळायचं. मला ते मान्य नाही. अडीच-तीन हजारांपासून आठ-दहा हजारांपर्यंतच्या पट्ट्यात चांगले आणि वाईट सेट शेजारी-शेजारी मांडलेले असतात, किंमतही जवळपास सारखी असते, आणि त्यांतला फरक पाच मिनिटांत कानाला कळतो. काय ऐकायचं ते माहीत हवं, इतकंच. माझा आग्रह असा की माणसाचं बोलणं सगळ्यात आधी ऐकावं आणि बेस सगळ्यात शेवटी. असं का, ते समजायला खोक्याच्या आत काय चालतं ते थोडं पाहावं लागेल.

या सेटना २.१ म्हणतात. दोन म्हणजे टेबलावर डावी-उजवीकडे ठेवायचे छोटे स्पीकर, म्हणजे सॅटेलाइट. पुढचा ‘.१’ म्हणजे जाड आवाजासाठीचा वेगळा खोका, सबवूफर. ही वाटणी करावी लागते ती हवेमुळे. स्वर जितका खालचा, तितकी जास्त हवा ढकलावी लागते, आणि इथला हिशेब फार कडक आहे: आवाज तेवढाच मोठा हवा असेल तर स्वर एक सप्तक खाली उतरला की स्पीकरच्या पडद्याला चौपट हलावं लागतं. ८० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ८० कंपनांच्या स्वराला, पडदा १ मिलिमीटर हलत असेल, तर ४० हर्ट्झला ४ आणि २० हर्ट्झला १६ मिलिमीटर. अडीच इंची पडद्याच्या आवाक्यातलं हे काम नाही. म्हणून जाड स्वर मोठ्या पडद्याकडे सोपवायचे आणि बाकीचे छोट्यांकडे. ही वाटणी कुठे करायची ते ठरवणाऱ्या सर्किटला क्रॉसओव्हर म्हणतात. स्वस्त सेटचं बरंवाईट बहुतेक वेळा याच सांध्यावर ठरतं.

घरातल्या मोठ्या होम थिएटरमध्ये हा सांधा सहसा ८० हर्ट्झच्या आसपास असतो. त्याखालच्या आवाजाची एकेक लहर चार मीटरहून लांब असते आणि ती कुठून येते हे कानाला सांगता येत नाही. सबवूफर सोफ्याच्या बाजूला ठेवला तरी बेस समोरूनच येतोय असं वाटतं. टेबलावरच्या सेटमधले सॅटेलाइट इतके लहान असतात की दीडशे-दोनशे हर्ट्झलाच ते हात टेकतात. मग सांधा तिथवर वर न्यावा लागतो. आता पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण १०० ते १५० हर्ट्झच्या दरम्यान असतो. म्हणजे निवेदकाच्या आवाजाचा तळ टेबलाखालून येणार आणि बाकीचा आवाज टेबलावरून. हे दोन तुकडे नीट जुळले तर कळतही नाही. बऱ्याच सेटमध्ये ते जुळत नाहीत. सॅटेलाइट अडीचशेलाच थकलेले, सबवूफर सव्वाशेच्या वर नीट वाजत नाही, आणि मध्ये खड्डा. या खड्ड्यात काय काय पडतं पाहा: पुरुषी आवाजाचा भरदारपणा, पेटीच्या खालच्या सप्तकातले स्वर, डग्ग्याचा अंगभर आवाज. हा खड्डा झाकायला मग ६० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यात बेस फुगवून ठेवतात. दुकानात थरथरते ती काच या फुगवट्याने.

इथे आपल्या कानाची एक करामत लक्षात घेण्यासारखी आहे. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला बोलते. मोबाइलच्या स्पीकरमधून ६९ हर्ट्झ जवळपास येतच नाही. तरीही मोबाइलवर तानपुरा लावला तर खर्ज आपल्याला खर्जातच ऐकू येतो, एक सप्तक वर सरकल्यासारखा वाटत नाही. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे घोडीवर तार टेकवण्याची खास पद्धत, मूळ स्वराच्या पटींतले वरचे स्वरांश इतके भरभरून देते की त्यांच्यातल्या अंतरांवरून मेंदू न वाजलेला मूळ स्वर ताडतो. सेट निवडताना मी याचा अर्थ असा लावतो की थोडा कमी पडलेला बेस कान बऱ्याच अंशी भरून काढतो, पण नको तिथे फुगलेला बेस त्याला पुसून टाकता येत नाही. दोनांतला एक दोष पत्करायचाच झाला तर कमी बेसचा पत्करावा.

दुकानात काय लावून ऐकायचं

स्वतःच्या फोनवर तीन गोष्टी उतरवून न्या. दुकानदाराचं गाणं चालणार नाही, कारण ते त्याने विचार करून निवडलेलं असतं.

पहिली गोष्ट, पुरुषाचं साधं बोलणं. बातम्या, व्याख्यान, कीर्तनातला निरूपणाचा भाग, काहीही चालेल, मागे संगीत मात्र नको. सबवूफरचा नॉब पूर्ण खाली करा. आवाज पातळ होईल, हरकत नाही. शब्द स्पष्ट येतायत का, ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचतायत का, एवढंच बघा. मग नॉब हळूहळू वर घ्या. चांगल्या सेटमध्ये एका जागी त्या आवाजाला छाती आल्यासारखी वाटते आणि माणूस समोर बसून बोलतोय असं होतं. नॉब आणखी थोडा फिरवला की तोच आवाज घुमायला लागतो. या दोन टप्प्यांमध्ये नॉबला ऐसपैस जागा असेल तर सेट जमलेला आहे. वाईट सेटमध्ये मधला टप्पा येतच नाही. पातळ आवाज थेट घुमायला लागतो. तसा सेट तिथल्या तिथे बाजूला ठेवावा, पुढचं काही ऐकत बसू नये.

दुसरी गोष्ट, तबल्याचा एकल ठेका, ज्यात डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली मींड आहे. मींड म्हणजे स्वराचा प्रवास. तो खालून वर जाताना ऐकू यायला हवा. स्वस्त सबवूफरची ठरलेली खोड अशी की त्याचा खोका एकाच स्वराला जोरात दाद देतो आणि डग्गा, ढोल, बेस गिटार, सिनेमातला स्फोट, सगळ्यांचं तो एकच ‘धम्म’ करून टाकतो. मींडेचा स्वर सरकण्याऐवजी एका जागी फुगून गप्प झाला, तर तो खोका एकसुरी आहे. बेस गिटारची चाल असलेलं गाणंही याच कामाला येतं. त्या गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झची असते. ती पूर्ण ताकदीने आली नाही तरी चालेल, पण एका तारेवरून दुसरीवर गेल्याचं कळलं पाहिजे.

तिसरी गोष्ट, तुमच्या कानाला पाठ असलेलं कुठलंही गाणं. आवाज तुम्ही घरी ठेवता त्याहून थोडा मोठा करा आणि दोन मिनिटं ऐका. आवाज फाटतो का, खोक्याचं प्लास्टिक खडखडतं का, हे इथे उघडं पडतं.

ऑनलाइनच घ्यायचं असेल तर हे करता येत नाही. निदान परत करण्याची मुदत किती आहे ते वाचून घ्या आणि हीच परीक्षा घरी पहिल्याच दिवशी उरका.

खोक्यावरचे आकडे

पूर्वी टेपरेकॉर्डर आणि डेकवर ‘१००० वॉट पीएमपीओ’ असे स्टिकर असायचे. पीएमपीओ मोजण्याची कुठलीही सर्वमान्य पद्धत नव्हती. वाटेल तो आकडा छापता यायचा. तो दिसला तर डोळेझाक करावी. पाहायचा तो आरएमएस वॉटचा आकडा, म्हणजे सेट सलग किती ताकद देऊ शकतो तो. पीक वॉट म्हणून जो आकडा मोठ्या अक्षरांत असतो तो बरेचदा आरएमएसच्या बरोबर दुप्पट असतो.

आणि आरएमएस आकड्यालाही किती भाव द्यायचा? लॉजिटेकचा झेड ३१३ हा २५ वॉटचा सेट आहे, त्याच कंपनीचा झेड ६२३ हा २०० वॉटचा. आठपट ताकद. पण कान असं मोजत नाही. ताकद दुप्पट केली की आवाज ३ डेसिबलने वाढतो, आणि ‘आता दुप्पट मोठा झाला’ असं वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. आठपट वॉटने ९ डेसिबल मिळतात; बाकी सगळं सारखं धरलं तर आवाज दुपटीलाही जरा कमीच. मोठा सेट मोठ्या खोलीत, मोठ्या पडद्यामुळे आणि खोल बेसमुळे वेगळा वाटतो हे खरं. टेबलासमोर हातभर अंतरावर बसणाऱ्याचं गणित मात्र निराळं आहे. छोटे स्पीकर एका वॉटमध्ये एक मीटरवर साधारण ८० ते ८५ डेसिबल आवाज देतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या २०१९च्या मानकाप्रमाणे मोठ्या माणसांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच ऐकावा. म्हणजे रोजच्या ऐकण्याला एखादा-दुसरा वॉट पुरतो आणि अचानक येणाऱ्या दणक्यांसाठी दहा-वीस वॉटची सोय खूप झाली. क्रिएटिव्हचा पेबल प्लस युएसबीवर चालतो, फक्त ८ वॉटचा आहे, सबवूफरचा पडदा ४ इंची. लहान खोलीत टेबलावर काम करताना ऐकायला तेवढं पुरतं. पंधरा जणांच्या वाढदिवसाला पुरणार नाही, आणि ते त्याचं कामही नाही.

‘फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ असं लिहिलेलं असेल तर पुढे ‘± ३ डेसिबल’ सारखं काही आहे का बघा. नसेल तर त्या ओळीला अर्थ नाही. २० हर्ट्झला हा सेट कुजबुजतो की बोलतो, हे ती ओळ सांगतच नाही. ४ इंची सबवूफर २० हर्ट्झला काही करू शकत नाही, हे वरच्या चौपटीच्या हिशेबातून आलंच. त्यापेक्षा पडद्याचा व्यास विचारा. साडेसहा इंची पडद्याचं क्षेत्रफळ चार इंचीच्या अडीचपटीहून जास्त भरतं. सॅटेलाइटमध्येही दोन इंचांपेक्षा तीन इंचांचा पडदा मी निवडेन. सांधा तेवढा खाली सरकतो आणि आवाजाचा तळ टेबलावर राहतो. सबवूफरच्या दोन इंचांपेक्षा सॅटेलाइटचा हा एक इंच मला जास्त मोलाचा वाटतो.

खोका आणि त्याचं भोक

सबवूफरच्या खोक्याला बहुतेकदा एक गोल भोक असतं. ती शोभा नाही. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती एका ठरावीक स्वरात घुमते, तसंच खोक्यातली हवा त्या नळीतून एका ठरावीक स्वराला घुमते आणि पडद्याच्या मदतीला येते. बेल लॅबोरेटरीजमधल्या अल्बर्ट थुरास यांनी याचं पेटंट १९३२ साली मिळवलं. नळीचा स्वर, खोक्याचं आकारमान आणि पडद्याचा लवचिकपणा यांचं गणित जुळलं तर छोट्या पडद्यातून आश्चर्य वाटावं इतका खोल आणि स्वच्छ बेस येतो. हे गणित ऑस्ट्रेलियात नेव्हिल थीले यांनी १९६१मध्ये आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकात इतकं स्वच्छ मांडून ठेवलं की आज स्वस्त सेटमध्येही ते पाळता येण्यासारखं आहे. जिथे मिळेल तो पडदा मिळेल त्या खोक्यात बसवला जातो, तिथे तो मघाचा एकसुरी ‘धम्म’ तयार होतो. खर्च तेवढाच, काळजी कमी.

दुकानात खोका उचलून पाहा आणि बोटाच्या पेराने ठोकून पाहा. दाबलेल्या लाकडाचा, म्हणजे एमडीएफचा खोका ठक् वाजतो; पातळ प्लास्टिकचा पोकळ डब्यासारखा वाजतो आणि सेट चालू असताना स्वतःचा सूर मिसळतो. सबवूफर प्लास्टिकचा नको. सॅटेलाइट लहान असल्यामुळे त्यांना चालून जातं. सबवूफरसाठी वेगळा नॉब हवाच, आणि तो खोक्याच्या पाठीवर नसून हाताशी, वायरवरच्या रिमोटवर असेल तर फार सोय होते. रात्री बेस कमी करायला टेबलाखाली वाकावं लागत असेल तर तो कमी केला जात नाही, आणि त्रास खालच्या मजल्यावरच्यांना होतो. जाड आवाज स्लॅबमधून जातो, दार लावून थांबत नाही.

घरी कुठे ठेवायचा

आपल्याकडच्या फ्लॅटमधली दहा बाय दहाची बेडरूम घ्या. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींत अर्धी लहर बरोबर मावेल असा स्वर येतो सुमारे ५६ हर्ट्झ. खोली लांबीला आणि रुंदीला सारखी असल्यामुळे दोन्ही दिशांनी हाच स्वर घुमतो. ढोलाचा ठोका या आसपास पडला की खोली स्वतःच वाजायला लागते, आणि माणूस दोष स्पीकरला देतो. हा घुमारा भिंतीजवळ सगळ्यात मोठा आणि खोलीच्या मध्याला सगळ्यात कमी ऐकू येतो. कोपऱ्यात तर दोन्ही भिंतींचा एकत्र येतो. म्हणून सबवूफर कोपऱ्यात सरकवून ठेवणं, जे घरोघरी होतं, ते सगळ्यात वाईट. भिंतीच्या साधारण मध्यावर, टेबलाखाली, दोन सॅटेलाइटच्या मधोमध, जमिनीवर ठेवा. तिथे एका दिशेचा घुमारा जवळपास उठतच नाही. शिवाय सांधा दोनशेच्या आसपास असल्यामुळे आवाजाचा तळ कुठून येतो हे कानाला कळत असतं. तो समोरूनच आलेला बरा. खाली रबराची गादी टाका, नळीचं तोंड भिंतीला चिकटू देऊ नका.

सॅटेलाइट कानाच्या उंचीला येतील असे, नाहीतर थोडे मागे कलते ठेवा. दोघांचं तुमच्यापासूनचं अंतर सारखं हवं. एक मॉनिटरच्या मागे आणि एक खिडकीत, अशी मांडणी महागड्या सेटलाही मारक आहे.

एवढं करूनही एखादा स्वर घुमत असेल तर विंडोजवर ‘इक्वलायझर एपीओ’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात ५५-६० हर्ट्झचा पट्टा चार-पाच डेसिबल खाली ओढून पाहा. खाली ओढा, वर चढवू नका. छोट्या पडद्याला जे जमत नाही ते त्याच्याकडून जबरदस्तीने करून घेतलं की आवाज फाटतो.

हळू आवाजात बेस नाहीसा होतो, ही तक्रार बरेच जण करतात. तो स्पीकरचा दोष नव्हे. हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी १९३३मध्ये मोजून दाखवलं की आवाज कमी होत गेला की आपला कान खालच्या स्वरांना जास्त बहिरा होत जातो. रात्री हळू ऐकताना नॉब थोडा वर घ्यायला हरकत नाही, सकाळी आठवणीने खाली आणावा.

घूं आवाज आणि पिना

काहीही वाजत नसताना बारीक ‘घूं’ येत असेल तर तो बहुधा विजेच्या ५० हर्ट्झचा असतो. कॉम्प्युटर एका बोर्डावर आणि स्पीकर दुसऱ्यावर असतील तर दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आणा. बरेचदा तेवढ्यावर भागतं. माउस हलवला की चिरचिर येते ती वेगळी, ती युएसबीवर वीज घेऊन ३.५ मिलिमीटरच्या पिनेने आवाज घेणाऱ्या सेटमध्ये जास्त दिसते. सीपीयूच्या पुढच्या पिनेऐवजी मागची हिरवी पिन वापरा, नाहीतर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी मध्ये लावा. घूं घालवण्यासाठी प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर कृपा करून ऐकू नका. ती पिन जीव वाचवण्यासाठी आहे.

ब्लूटूथ असेल तर चांगलंच, पण गेम खेळणाऱ्याने वायर लावावी. ब्लूटूथने आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही जास्त उशिरा येऊ शकतो. सिनेमात हा उशीर प्लेअर सांभाळून घेतो. गेममध्ये गोळी आधी दिसते, मग ऐकू येते.

सबवूफर नकोच, असंही असू शकतं

तुमचं ऐकणं मुख्यतः शास्त्रीय गाणं, नाट्यसंगीत, व्याख्यानं आणि पॉडकास्ट असेल, तर त्याच पैशात २.० जोडीचा विचार जरूर करा. एडिफायरचा आर १२८० टी हे चांगलं उदाहरण आहे: प्रत्येक खोक्यात ४ इंची वूफर आणि बारीक स्वरांसाठी वेगळा छोटा स्पीकर, म्हणजे ट्वीटर, दोन्ही मिळून ४२ वॉट, खोकी एमडीएफची. तिथे पुरुषी आवाजाचा तळ आणि माथा एकाच खोक्यातून येतो, सांध्याचा प्रश्नच येत नाही. खोल बेस थोडा कमी मिळेल आणि टेबलावर जागा जास्त लागेल. सिनेमे आणि गेम जास्त असतील, टेबल लहान असेल, तर २.१ बरा. स्वस्तातला ५.१ मात्र मी कोणालाच सुचवणार नाही. तेवढेच पैसे सहा खोक्यांत वाटले जातात आणि मागचे स्पीकर दहा फुटांच्या खोलीत ठेवायला जागा नसते.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा गावातल्या दुकानात घेताना पैसे देण्याआधी खोक्यावरचं लेबल वाचा. उत्पादक किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि ग्राहक सेवेचा नंबर छापणं कायद्याने बंधनकारक आहे. ते नसेल तर वॉरंटीचं कार्ड कितीही रंगीत असो, दुरुस्तीला जायचं कुठे हा प्रश्न उरतो. मग सॅटेलाइटच्या वायरी काढता येतात की कायमच्या जोडलेल्या आहेत ते बघा. कायमच्या असतील तर लांबी दुकानातच मोजा, कारण टेबलाखालच्या सबवूफरपासून मॉनिटरच्या पलीकडच्या कडेपर्यंत त्या पोचायला हव्यात.